दसऱ्याला पुजलेला रेग्युलेटर

आमच्या घरात रेग्युलेटर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "शेगडीचा का?" नणंद, शेजारीण, किराणावाला, सगळ्यांना एकेकदा सांगून झालं आहे की शेगडीचा नव्हे, तोंडात धरायचा, पाण्याखाली श्वास घ्यायचा. मग दुसरा प्रश्न येतो, "आणि तो कशाला लागतो बाईमाणसाला?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मी पाणबुड्याचं काम करते. धरणाच्या दरवाज्यांची रबरं, जाळ्या, भिंतीचे सांधे पाण्याखाली जाऊन बघायचे, फोटो काढायचे आणि वर येऊन काय बिघडलंय ते सांगायचं. नाशिक जिल्ह्यात धरणांना तोटा नाही, त्यामुळे कामालाही नाही. आधी हे काम माझा नवरा करायचा आणि मी काठावर त्याचा दोर धरायचे. दोराला घरचंच माणूस बरं, असं तो म्हणायचा. त्यानंच मला गंगापूर धरणाच्या पाण्यात बुडी मारायला शिकवलं. तो गेला तो काविळीनं गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक परस्पर ठरवून टाकतात की नवऱ्याला पाण्यानं खाल्लं आणि तरी ही बया पाण्यात उतरते. पाण्यानं माझं काहीही नेलेलं नाही.

तो गेल्यावर साहेबांनी, म्हणजे आमच्या ठेकेदारांनी, मला दोरावर तसंच ठेवलं. मेहेरबानी म्हणूनच ठेवलं होतं. पण एकदा एका दरवाज्याची गळती बघायला ऐनवेळी माणूस मिळेना, आणि मी म्हटलं, मी जाते. गेले, बघितलं, वर येऊन सांगितलं. त्यानंतर मी उतरतेच आहे. साहेब मला अजून वहिनी म्हणतात, आणि काम अवघड असलं की त्यांना एकदम आठवतं की मी त्यांची वहिनी आहे.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. त्या नांदगावकडच्या. त्यांचेही यजमान कधीचे गेलेले. दोन बायका, दोन कोरी कपाळं, आणि कुंकवाचा करंडा फक्त देव्हाऱ्यात. मी एकदा सहज टिकली लावली होती तर त्या दिवसभर माझ्याकडे न बघता बोलत होत्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. लोक काय म्हणतील ह्या भीतीनं माणूस किती बारीक होतं ते मी तेव्हा पाहिलं आणि टिकली काढून आरशाला चिकटवली. ती तिथंच आहे.

पावसाळा सरता सरता साहेबांनी एक काम आणलं. हिमाचलातला एक जलविद्युत प्रकल्प. धरणातलं पाणी बोगद्यात घेतात त्या तोंडावर लोखंडी जाळी असते, तिच्यात काहीतरी अडकलं होतं आणि जानेवारीतच बघायला हवं होतं. जानेवारीत तिथं काठापासून आतपर्यंत बर्फ धरतो. खालचं पाणी दोन अंशांवर. साहेब म्हणाले, "एकाच माणसाला उतरायचंय. वहिनी, तुमचा हात फोटोला चांगला आहे. जाल?"

मी म्हटलं, "जाईन. पण आपल्या रेग्युलेटरनं नाही."

"का? एवढी वर्षं त्यानंच उतरतोय ना आपण?"

"गंगापूरच्या पाण्यात उतरतोय."

"पाणी ते पाणी," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं विषय संपला.

पाणी ते पाणी नसतं. हे समजायला मोठं शास्त्र लागत नाही, स्प्रे मारताना डबा हाताला गार लागतो तेवढं आठवलं तरी पुरे. सिलिंडरमधली हवा प्रचंड दाबाखाली असते. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा धातूचा भाग, तो दाब उतरवतो, आणि दाब उतरला की हवा एकदम थंड होते. नाशिकच्या पाण्यात हा गारवा आजूबाजूचं पाणी जिरवून टाकतं. दोन अंशांच्या पाण्याजवळ जिरवायला काही शिल्लकच नसतं. साध्या रेग्युलेटरमध्ये स्प्रिंगभोवती पाणी खेळतं, तेच गोठतं, आतली झडप उघडी ती उघडीच राहते, आणि तोंडातल्या भागातून हवा भसाभसा सुटते. थांबवता येत नाही. बघता बघता सिलिंडर रिकामा होतो. आणि डोक्यावर बर्फाचं छत असलं की सरळ वर येण्याची सोयही नसते, कापलेलं भोक शोधावं लागतं.

म्हणून अशा पाण्यासाठी रेग्युलेटर निवडावा लागतो. स्प्रिंग पूर्ण बंदिस्त हवी, पाण्याचा थेंबही तिच्यापर्यंत जाता कामा नये. तोंडातला भाग प्लास्टिकपेक्षा धातूचा बरा, कारण बर्फाळ पाणीसुद्धा त्या सुटणाऱ्या हवेपेक्षा उबदार असतं आणि धातू ती ऊब आत घेतो. आणि एका सिलिंडरला दोन तोट्या, दोन स्वतंत्र रेग्युलेटर. एक गोठला तर त्याची तोटी बंद करायची आणि दुसरा तोंडात धरायचा. हे सगळं मी साहेबांना अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड करू नका, वहिनी."

मी म्हटलं, "नाक माझं आहे."

दोन्ही रेग्युलेटर मी माझ्या पैशानं मागवले, गोव्यातल्या ओळखीच्या एका पाणबुड्यामार्फत. ते दसऱ्याच्या तोंडावर घरी आले. खोकं उघडलं तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी तो जड, चकचकीत धातू हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "हेच का ते? तोंडात धरायचं?"

"हो, आई."

"आन हे बिघडलं तर?"

"तर दुसरा आहे."

"आन दुसरा बिघडला तर?"

मी खोक्यातले कागद गोळा करायला लागले. त्यांनी पदरानं त्यावरचा बोटांचा ठसा पुसला.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. अंबडमध्ये त्या दिवशी कुठल्याही शेडमध्ये जा, लेथला झेंडूचा हार, ड्रिलला कुंकू, फोर्कलिफ्टसमोर नारळ. आमच्या शेडमध्येही कॉम्प्रेसरची पूजा होती, म्हणून मी सकाळीच गेले. घरची पूजा सासूबाईंकडे. पाटावर विळी, शिवणयंत्र, पाना, नवऱ्याचा जुना पाणबुडी चाकू, आणि माझे दोन नवे रेग्युलेटर. मी परत आले तेव्हा सगळं आवरून झालं होतं आणि रेग्युलेटर खोक्यात होते. मी त्यांतला एक सिलिंडरला जोडून दहाबारा श्वास घेऊन बघितले. ठणठणीत होता. नाशिकच्या उन्हात कुठलाही रेग्युलेटर ठणठणीतच असतो.

आता परीक्षा घ्यायची होती, आणि नाशकात बर्फाळ पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होता. पण द्राक्षाच्या मुलखात गारवा मिळत नाही असं नाही. पिंपळगावकडे माझ्या मावसभावाचं कोल्ड स्टोरेज आहे. परदेशी जाणारी द्राक्षं तिथं आधी गार करतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी मशीन चालू करून बघावंच लागतं, तर त्यानं ते माझ्यासाठी चार दिवस लवकर चालू केलं. क्रेट धुवायची मोठी टाकी खोलीत ओढली, पाणी भरलं आणि त्यात बर्फाच्या लाद्या सोडल्या. साहेब आले. आमचा दुसरा पाणबुड्या आला. तो मालेगावचा, घरचे सगळे यंत्रमागावर आणि हा एकटा पाण्यात. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा, मला भाभी म्हणतो.

आधी साहेबांचा जुना रेग्युलेटर. त्यांनी तो पाण्यात बुडवला, तोंडाचा भाग हातात धरून चार वेळा बटण दाबून हवा सोडली आणि म्हणाले, "बघा. चालतोय." हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. मग माझी आणि माझ्या नव्या रेग्युलेटरची पाळी होती. मी सूट चढवला, डोकं झाकलं, टाकीत बसले आणि पाण्याखाली तोंड घालून काम करताना घेतो तसे मोठे श्वास घ्यायला लागले. गार पाणी गालांना चावत होतं. आधी काही झालं नाही. मग एक श्वास आत घेतला आणि तो थांबेचना. हवा घशात घुसली, गालांतून सुटली, पाणी उकळल्यासारखं उसळलं. मी तोंड वर काढलं. रेग्युलेटर भसाभसा ओरडत होता आणि मी त्याला दोन्ही हातांत धरून मूर्खासारखी बसले होते.

"जम गया, भाभी," मालेगावकर म्हणाला आणि त्यानं वाकून तोटी बंद केली.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, "जाऊ द्या, वहिनी. एवढं महागाचं घेऊन शेवटी काय झालं? आपले जुने नेऊ. आणि तुम्ही नका उतरू, दोरावर या."

मला इतका संताप आला की थंडी वाजायची थांबली. एवढा विचार करून, एवढं बघून निवडलेली वस्तू तोंडात फुटते म्हणजे काय? मी म्हटलं, "हा उघडून बघितल्याशिवाय मी कशालाच हो म्हणणार नाही." साहेब म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, "अंगणच उघडून बघते."

शेडमधल्या टेबलावर मी तो खोलला. मालेगावकर दिवा धरून उभा होता. हवा आत शिरते त्या तोंडाशी एक लहान जाळीदार गाळणी असते, ती बाहेर काढली. ती ओली होती. सिलिंडरची हवा कोरडी ठणठणीत असते, तिथं ओल येण्याचं काहीही कारण नव्हतं. आतल्या भिंतीला थेंब होते. आणि गाळणीची आतली बाजू फिकट गुलाबी होती.

मी ती बोटावर घासली. बोटाला लागलेला रंग ओळखायला मला वेळ लागला नाही. मालेगावकरानंही ओळखला असावा, कारण त्यानं दिवा खाली ठेवला आणि म्हणाला, "भाभी, साहेबांना मी काही सांगत नाही." मी म्हटलं, "सांगायचं तर मीच सांगीन," आणि तशीच घरी आले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी गाळणी त्यांच्यासमोर ठेवली.

"आई, ह्याच्या आत कुंकू कसं गेलं?"

त्यांनी गाळणीकडे बघितलं आणि मेथीची जुडी खाली ठेवली. "त्याला टोपी होती," त्या म्हणाल्या. "टोपी घातलेल्याची पूजा कशी करणार? काढली मंग. आत गोल तोंड दिसलं, तिथं लावलं. फुलानं पाणी शिंपडलं."

"एवढं पाणी फुलानं जात नाही."

"पूजा झाल्यावर नळाखाली धरलं ना. कुंकू राहिलं तर तू वरडशील म्हनून. शेगडीचा पुसते तसा पुसला. दोन्ही पुसले. टोपी लावून ठेवले."

म्हणजे दोन्ही. नळाचं पाणी आत, वर घट्ट टोपी, आणि तशीच ओल घेऊन मी बर्फात गेले. मी ओरडलेच. "आई, हे पाणी आत गोठलं! तिथं बर्फाखाली हे झालं असतं तर मी वर आले नसते! कशाला हात लावला? विळीची पूजा करा, मशिनची करा, ह्याच्या तोंडात कुंकू घालायचं काय अडलं होतं?"

त्या रडल्या नाहीत. त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाल्या, "तुला लावता येत नाय म्हनून!"

"काय?" मी विचारलं.

"तुझ्या कपाळाला मला लावता येत नाय," त्या म्हणाल्या. "तू तिकडं बर्फात जानार, म्या कशाच्या भरवशावर इथं बसायचं? ज्याच्यानी तू श्वास घेनार त्याला लावलं. त्याला कोन इचारत नाय, नवरा हाय का नाय."

माझा राग कमी झाला नाही. खरं सांगायचं तर वाढला, पण तो आता ह्या बाईवर राहिला नव्हता. ज्या रिवाजानं हिला एवढं आडवळण घ्यायला लावलं, की सुनेच्या कपाळाला लावायचं ते लोखंडाच्या नरड्यात लपवून लावलं, त्याच्यावर मी पेटले होते. मी गाळणी उचलली आणि म्हटलं, "पुढच्या वेळी यंत्राला हात लावायचा नाही. लावायचं असेल तर मला लावायचं. कपाळाला. आत काही गोठत नाही माझ्या."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री आम्ही मेथीची भाजी खाल्ली.

मी दोन्ही रेग्युलेटर पूर्ण सोडवले, वाळवले, गाळण्या नव्या घातल्या, कॉम्प्रेसरचाही फिल्टर बदलला म्हणजे हवेतून ओल यायला नको. मग साहेबांना गाठून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते पोट धरून हसले. "म्हणजे देवीनंच नको म्हटलं की!"

"देवीनं काही म्हटलेलं नाही. पुन्हा टाकी भरायची. ह्या वेळी जुन्या रेग्युलेटरनं तुम्ही बसायचं पाण्यात, आणि बटण दाबून नाही, माझ्यासारखे श्वास घेऊन."

साहेबांना कुणी भित्रा म्हणू शकणार नाही. त्यांनी उभं आयुष्य पाण्यात काढलं आहे. ते म्हणाले, "चला."

ह्या वेळी मी आधी बसले. मोठे श्वास घेतले, जोरात घेतले, दमल्यासारखे घेतले, बटणही दाबून पाहिलं. रेग्युलेटरच्या अंगावर बाहेरून पांढरा थर धरला, आत मात्र हवा शहाण्यासारखी येत राहिली. मागितली की यायची, सोडली की थांबायची. दुसराही तसाच. ओठ बधिर झाले तेव्हा मी उठले. माझ्या जागी साहेब बसले, जुना रेग्युलेटर तोंडात घेऊन. आम्ही दोघं काठाशी उभे होतो. थोड्याच वेळात फर्स्ट स्टेजभोवती बर्फाचं कडं दिसायला लागलं, आणि मग तो ओळखीचा आवाज झाला. साहेबांचं डोकं बुडबुड्यांत दिसेनासं झालं. त्यांनी तो रेग्युलेटर झटकला, तोंडाचा भाग उलटा केला, सगळं करून पाहिलं. शेवटी बाहेर काढून हातात धरून बसले. सिलिंडर रिकामा होईपर्यंत कुणी तोटी बंद केली नाही. मालेगावकर मुद्दाम थांबला होता, असं मला अजून वाटतं.

साहेब टाकीतून बाहेर आले, टॉवेलनं तोंड पुसलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचे दोन्ही न्यायचे."

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात ते मालेगावकराकडे वळले. "तू उतर. वहिनी दोर धरतील."

"का?" मी विचारलं.

"वहिनी, समजून घ्या. आत्ता बघितलं ना, काय होऊ शकतं ते? घरात म्हातारी आहे. उद्या काही झालं तर लोक मला काय म्हणतील? बाईमाणसाला पाठवलं म्हणतील."

म्हणजे माझी निवड बरोबर होती म्हणून माझा रेग्युलेटर जाणार, आणि पाणी धोक्याचं होतं हे मीच सिद्ध केलं म्हणून मी काठावर राहणार. माझ्या आयुष्यात अनेकांनी मला अनेक गोष्टींसाठी नाही म्हटलं आहे, पण माझंच म्हणणं माझ्याविरुद्ध वापरून नाही म्हणणारे हे पहिलेच.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या नवऱ्याला पाठवताना तुम्ही लोकांना विचारलं होतं का? त्याच्याही घरी हीच म्हातारी होती. आणि हा रेग्युलेटर माझा आहे. त्याच्या रबरावर माझ्या दातांचे ठसे आहेत. तो जाईल तर माझ्या तोंडात जाईल, नाहीतर इथंच राहील आणि तुम्ही तुमचे जुने घेऊन जा."

साहेबांनी मालेगावकराकडे पाहिलं. तो रिकामा सिलिंडर पुसत होता. वर न बघता म्हणाला, "साहेब, भाभीका सेट मी तोंडात नाही धरणार. मी दोर धरतो. दोरावर मी चांगला आहे."

साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "दोघंही माझ्या जिवावर उठलेत," म्हणाले आणि गाडीकडे गेले. ह्याला आमच्या धंद्यात होकार म्हणतात.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. सामान चढत होतं, गल्लीतल्या बायका नळावर, दारांत उभ्या होत्या. मी बूट घालत होते. सासूबाई आतून आल्या, हातात करंडा. देव्हाऱ्यातला. मला वाटलं त्या पुन्हा खोक्याकडे जातील. त्या खोक्याजवळून सरळ पुढे आल्या, भर अंगणात माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि अंगठ्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. चिमूटभर नाही, चांगलं दाट, दाबून. त्यांनी अंगठा लगेच उचलला नाही.

समोरच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "अहो आजी, हे काय करताय?"

सासूबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "तिकडं बर्फ हाय. उघडं कपाळ कशाला धाडू?"

मी खाली वाकून पाया पडले आणि गाडीत बसले. पुसावं असं माझ्या मनातही आलं नाही, वाटेत तोंड धुतानाही मी कपाळ वगळलं.

तिथं बर्फ करवतीनं कापून तिकोनी भोक पाडलं होतं. मी डोक्यावर जाड रबरी टोप चढवला, कपाळावर तो घट्ट बसला. बाहेरची हवा पाण्याहून कितीतरी गार, म्हणून रेग्युलेटर तोंडात धरला तरी पाण्याखाली जाईपर्यंत त्यातून श्वास घ्यायचा नाही, नाहीतर उच्छ्वासाची वाफच आत गोठते. मी श्वास रोखून काठावर बसले. मालेगावकरानं माझ्या कमरेचा दोर ओढून बघितला. साहेब मागं उभे होते, हातमोजे काढून, त्या थंडीत. मी आत सरकले.

खाली हिरवा उजेड होता आणि माझ्या श्वासाशिवाय काहीही नव्हतं. जाळीपाशी पोचले. तिच्यात एक अख्खं झाड आडवं अडकलं होतं, मुळांसकट, मुळांत दगड धरून. मी एकेक बाजूनं फोटो घेतले. मध्येच तोंडातल्या भागातून बारीक शीळ यायला लागली. पिंपळगावच्या टाकीतला तो आवाज मला पूर्ण आठवला. मी हात दुसऱ्या रेग्युलेटरवर ठेवला, हलायचं थांबले आणि श्वास लहान केला. नवऱ्यानं गंगापूरला शिकवलं होतं तसा, आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. शीळ बंद झाली. मी उरलेले फोटो घेतले आणि दोराला दोन झटके दिले.

वर ओढून घेतलं, टोप काढला, आणि प्रकल्पाचा इंजिनिअर धावत आला. "मॅडम, खून! सर पे लगा है आपको!"

मी कपाळाला हात लावला. ओल्या टोपाखाली कुंकू फिसकटून भुवयांपर्यंत उतरलं होतं. "खून नहीं है," मी म्हटलं. "कुंकू है. सासूने लगाया है." साहेब हातमोजे घालत होते. त्यांनी ऐकलं, आणि मला पहिल्यांदाच वहिनी न म्हणता विचारलं, "काय दिसलं खाली?"

घरी आले तेव्हा दुपार होती. सासूबाईंनी दारातच मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं, "चाललं का ते?"

"चाललं, आई. दोन्ही चालले."

त्या "बरं" म्हणून चहा टाकायला वळल्या. मी बूट काढले, हात धुतले, देव्हाऱ्यातून करंडा आणला आणि स्वयंपाकघरात पाट मांडला.

"बसा," मी म्हटलं.

त्यांनी करंड्याकडे पाहिलं. "मला कशाला? म्या कुठं बर्फात चाललेय?"

"एवढी वर्षं कुठं होतो आपण दोघी?"

त्या उभ्याच राहिल्या. आधणाला उकळी आली. मग त्यांनी शेगडी बंद केली, रेग्युलेटर फिरवला, नेहमीच्या सवयीनं त्यावरून फडकं फिरवलं, आणि पाटावर येऊन बसल्या. डोळे मिटून त्यांनी कपाळ पुढे केलं.